पोळ्याची झडती अन् परदेशी झालेला लेक

शाळा मी चौथीपर्यंतच पाहिली. पण पोळ्याच्या तोरणाखाली झडती म्हणायला गावात माझ्यापुढे कोणी उभा राहत नाही. झडती म्हणजे बैलांपुढे म्हणायच्या चार ओळी. ज्याला टोचायचं त्याला त्यातून टोचायचं, अन् गावानं शेवटी महादेवाचा गजर करायचा.

यंदा पोळ्याच्या तोंडावर बातमी आली, बाहेरदेशचा कापूस बिनाजकातीचा येणार. आपल्या कापसाचा भाव पडणार म्हणून पारावर सगळे सरकारवर तापले. कपाशीची पऱ्हाटी माझ्याही वावरात उभी होती, तरी मी एकटाच उलटा भांडलो. "देश मोठा होऊन राह्यला बे! एकाले हात द्या लागते, दुसऱ्याले डोळे दाखवा लागते. त्याले अक्कल लागते."

त्याच आठवड्यात लेकाचा फोन आला. अमेरिकेत असतो.

"बाबा, मी इकडचं नागरिकत्व घेतलं. नोकरीपायी घ्या लागलं. मनानं तिकडचाच आहो."

"मंग आता सोताच्या घरी याले परवानगी लागीन तुले?"

"कागद लागते बाबा, एक."

मी फोन ठेवून दिला. त्याची माय गेल्यापासून घरात माझ्याशी बोलणारा तेवढा तो फोनच होता.

पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली उभा राहिलो अन् म्हटलं,

हिरवी पऱ्हाटी, हिरवं रान,
कागदासाठी इकला मान,
त्याले कायचा देश, कायचं गाव,
पुसून टाका त्याचं नाव!

"हर बोला हर हर महादेव!" गाव गरजलं. कोणीतरी ते मोबाइलवर घेतलं अन् गावाच्या ग्रुपवर टाकलं. लेक त्या ग्रुपात आहे. तेव्हापासून फोन नाही.

शेजारचा वावरवाला माझा लहानपणचा सोबती. परवा बांधावर भाकर खाता खाता त्यानं विषय काढलाच.

"काऊन बे, सरकारनं कापूस आनला तं अक्कल, अन् पोरानं कागद केला तं गद्दारी?"

"देश दहा दारी जाते, सौदा करते, पन आपल्या घरी वापस येते," मी म्हटलं.

"पोरगं बी येईन. तू येऊ देशीन तवा ना!"

मी उरलेली भाकर फडक्यात बांधली अन् उठलो. फोन मी करणार नाही. बापानं आधी करायचा नसतो. पण दार काही मी लावून घेतलेलं नाही. एवढं कोणी त्याच्या कानावर घातलं तर माझी ना नाही. मी मात्र कोणाला तसं सांगणार नाही.