उजव्या शॉकअपमधलं तेल

जेवण झाल्यावर सर्जेराव इंगवले शेडमधल्या बाजेवर आडवे होतात, ते काही झोपायला म्हणून नव्हे. गाडीचा डावा शॉकअप सकाळी दुरुस्त करून झालाय आणि उजव्याला हात लावायचं धाडस होत नाही, म्हणून.

ही मोटारसायकल लेकीची, प्रणोतीची. मोठमोठ्या दगडांवरून, पाय न टेकता, तोल सांभाळत चालवायच्या स्पर्धा असतात, त्यातली. हलकी, उंच, बसायला धड सीटही नाही. गेल्या श्रावणात प्रणोती तापानं गेली. तिची आई तर ती लहान असतानाच गेलेली. आता घरात बोलायला रेडिओ आहे. बातम्या संपल्या की सर्जेराव तोही बंद करतात.

प्रणोतीची मैत्रीण शाहीन मुल्ला परवा आली होती. "काका, स्पर्धा हाय. माझी गाडी तुटल्या. तिची न्हेऊ काय?" सर्जेराव हो म्हणाले. पण उभी राहून राहून गाडीच्या पुढच्या दोन्ही शॉकअपची तेल अडवणारी रबरी सीलं वाळली होती, तेल गळत होतं. सीलं बदलायची, जुनं तेल काढून नवं घालायचं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यात लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाला त्यात अवघड काही नाही. पण उजवा शॉकअप प्रणोतीनं स्वतः बांधलेला, आजारी पडायच्या थोडं आधी, कुणाला हात लावू न देता. आतलं तेल तिनं ओतलेलं. तिच्या हातचं एवढंच शिल्लक आहे, आणि तेच ओतून टाकायचं.

पत्र्यावर ऊन तडतडतंय. पलीकडच्या गिरणीचा पट्टा फिरतोय. डोळे जड होतात. पट्ट्याचा आवाज लांब जातो, जवळ येतो, आणि मग तो पट्टा नसतोच. कोणीतरी पान्हे चाळतंय.

"झोपलाय व्हय आबा?"

गाडीजवळ प्रणोती उकिडवी बसली आहे. बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या.

"आलीस?"

"आलो की." कोल्हापूरच्या पोरींसारखी तीही आलो-गेलोच म्हणायची. सर्जेरावांना ती गेल्याचं माहीत आहे. पण तसं काही बोललो तर ती उठून जाईल असं त्यांना वाटतं, म्हणून ते मुकाट्यानं जाऊन हँडल धरतात.

ती उजव्या शॉकअपच्या बुचाला पान्हा लावते.

"थांब," सर्जेराव म्हणतात. "त्यातलं तेल तू घातलंयस."

"मग? लोणचं हाय काय मुरवत ठेवायला?"

"तुझ्या हातचं दुसरं काय ऱ्हायलंय गं?"

"तेल हाय ते आबा. मी न्हवं." ती शॉकअपची नळी उपसते आणि ताटलीवर उलटी धरते. तेल पडतं, काळं, कुजक्या मासळीच्या वासाचं. पडत राहतं, पण ताटली भरत नाही. ताटलीखाली आता दवाखान्याची फरशी आहे, थंडगार. लांबलचक बोळ, भिंतीला लागून बाकं. सर्जेराव बाकावर बसले आहेत, मांडीवर नळी. ती शेजारी बसून स्क्रूड्रायव्हरनं जुनं सील उचकटते आहे.

श्रावणापासून मनात राहिलेला प्रश्न सर्जेराव विचारतात. "प्रणू, शेवटाला तुला कळत हुतं काय? मी तिथं हाय म्हणून?"

ती जुनं सील बोटांत फिरवते. कड चिरून गेली आहे.

"तुम्ही ओठाला वला कापूस लावत हुतासा. डोळं उघडत न्हवतं, पण कापूस कळायचा. आणि तुमच्या हाताला लोखंडाचा वास येतोय न्हवं, त्यो यायचा."

सर्जेराव मनगटानं डोळे पुसतात. बोळाच्या टोकाला कोणीतरी ट्रॉली ढकलत जातं. चाकांचा आवाज होत नाही.

"रडू नका. नव्या सीलावर पाणी पडंल."

नळीच्या तोंडावर ती प्लास्टिकची पिशवी चढवते, वरून तेल चोळते, म्हणजे सीलाची कड कापली जात नाही. हे त्यांनीच तिला शिकवलेलं. सील सरकत जातं आणि जागेवर बसतं. मग ती नवं तेल ओतते, लालसर, स्वच्छ. नळी वरखाली करते. बुडबुडे येतात, फुटतात.

"मोजून घातलंस काय?"

"मला आता काय मोजायचं आबा?" ती हसते. "चढा गाडीवर."

गाडी खडीच्या खाणीत उभी आहे, जिथं ती सराव करायची. सर्जेरावांनी ही गाडी जन्मात चालवलेली नाही, तरी ते फूटरेस्टवर उभे आहेत. समोर म्हशीएवढा दगड.

"पडतो बघ मी."

"पडत न्हाई. मी हाय मागं."

पाठीवर तिचा हात येतो, पसरलेला, घट्ट.

"पाय टेकू नका. पुढं बघा."

चाक दगडावर चढतं. शॉकअप दबतो, वर येतो, पुन्हा दबतो, कुठं धक्का नाही. खाण रिकामी आहे. भिंतींवर ऊन, आणि वर घिरट्या घालणारी एकच घार.

"गाडी शाहीनला चालवू द्या आबा. उभी ठिवली की वाळतंय सगळं."

"आणि मी?"

पाठीवरचा हात तेवढा तसाच असतो. मग तो हात आहे की वारा, तेही कळेनासं होतं. सर्जेराव मागं वळून बघायला जातात.

"काका! ओ काका!"

दारात शाहीन उभी आहे. सर्जेराव बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडले आहेत. ते उठून बसतात. उजवा शॉकअप गाडीला तसाच आहे, बंद. ताटली कोरडी.

"ये. झाली न्हाई अजून. उजवा ऱ्हायलाय."

शाहीन आत येते आणि त्यांच्या पाठीमागं थबकते. "काका, पाठीला काय लागलंय?"

"तेल असंल सकाळचं."

"तेलच हाय. पर... हात उमटलाय की कुणाचा तरी."

सर्जेराव बनियन काढतात. दोन्ही खांद्यांच्या मधोमध, जिथं माणसाचा स्वतःचा हात पोचत नाही, तिथं तळवा आणि पाचही बोटं. तेल अजून ओलं आहे.

"कोण आलतं?" शाहीन विचारते.

सर्जेराव बनियन मांडीवर पसरतात आणि आपला पंजा त्या पंज्यावर ठेवतात. त्यांची बोटं पेरभर पुढं जातात. खाली उमटलेला हात लहान आहे.

मग ते उठतात. "हँडल धर," शाहीनला म्हणतात, आणि उघड्या अंगानंच उजव्या शॉकअपच्या बुचाला पान्हा लावतात.