यमुना, तारमास्तरांची बायको

माझ्या पणजीला घेऊन जायला माणसं येणार, हे पणजोबांना आदल्या दिवशीच माहीत होतं.

त्यांनी तिला सांगितलं नाही.

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर वर्तकनगरच्या चुलतभावाने पणजोबांचा फोटो टाकला. पगडी, बंद गळ्याचा कोट. खाली लिहिलंय, "प्लेगमध्ये एकट्याने तार ऑफिस चालवलं. ड्युटी फर्स्ट. प्राउड."

त्याखाली हात जोडलेल्यांची रांग.

मी विचारलं, पणजीचं नाव काय होतं?

कोणालाच सांगता येईना.

यमुना. माझ्या आजीची आई. हे सगळं मला आजीनेच सांगितलं, डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत, गवार मोडता मोडता. तिची आई गेली तेव्हा आजी आठेक वर्षांची होती.

एकोणिसावं शतक संपत आलं होतं. मुंबईतला गाठीचा ताप कल्याणपर्यंत आलेला. ज्याला जमलं तो गाव सोडून शेतात झोपडी बांधून राहत होता. पणजोबांच्या जोडीचा तारमास्तर गावी गेला, तो परत आलाच नाही.

मग पणजोबा एकटे. ठाण्याहून येणारे हुकूम घ्यायचे, कल्याणचे आकडे कळवायचे. किती आजारी, किती मेले, कोणती आळी तपासायची, चुना किती, तंबू किती.

तारेतलं बाहेर बोलायचं नाही, अशी शपथ होती. घरीसुद्धा नाही.

पणजी हसरी होती म्हणे. पणजोबा जेवताना ताटाच्या कडेवर बोटाने टकटक करायचे. ती म्हणायची, "अहो, जेवताना तरी तार बंद ठेवा."

तिला दरवर्षी हिवताप यायचा. त्या वर्षीही आला.

एका दुपारी ठाण्याहून तार आली. उद्या सकाळी अमुक आळी तपासा. ताप असेल त्याला छावणीत न्या.

ती आळी त्यांचीच होती.

आणि त्याच दुपारी मुरबाडकडून पणजीचा भाऊ बैलगाडी घेऊन आलेला. तार ऑफिसच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "भाऊजी, ताईला घेऊन जातो. इकडचं काही खरं नाही."

पणजोबा म्हणाले, "आज नको."

"गाडी आणलीय की."

"हिवताप आहे साधा. रविवारी ये."

तो बिचारा रिकामी गाडी घेऊन परत गेला.

सकाळी गोरे शिपाई आले, बरोबर डॉक्टर. पणजी गोधडी घेऊन पडली होती. अंग तापलेलं. डॉक्टरने काखेत हात घालून बघितलं. गाठ नव्हती. पण ताप होता, आणि हुकूम तापाचा होता.

ती म्हणाली, "ह्यांना बोलवा. हे सरकारी माणूस आहेत, हे सांगतील."

शेजारच्या काकू धावत तार ऑफिसात गेल्या. "मास्तर, चला. यमुनेला नेतायत."

पणजोबांचं बोट तारेच्या खटक्यावर होतं. मान वर न करता म्हणाले, "तार चालू आहे. एवढी संपू दे."

काकूंनी हे मरेपर्यंत सांगितलं. ज्याला त्याला सांगितलं.

तार संपवून ते घरी आले तेव्हा दारावर खूण मारलेली, सामान बाहेर, आणि पायरीवर माझी आजी एकटी बसलेली.

छावणी खाडीच्या बाजूला होती. पणजीला गाठ आली ती तिथे गेल्यावर. शेजारच्या खाटांवर गाठीचेच आजारी होते, दुसरं काय होणार?

पणजोबांनी रजा मागितली. साहेब म्हणाले, बदली माणूस येईपर्यंत नाही. ते थांबले. हुकूम मानायची सवय होती ना.

छावणीत दिवसभरात किती गेले, तो आकडा रोज संध्याकाळी ठाण्याला कळवायचा असे. नावं नाहीत. फक्त आकडा.

एका संध्याकाळी त्यांनी तो नेहमीसारखा कळवला. त्या आकड्यात यमुना होती. त्यांना कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी, छावणीच्या गाडीवाल्याकडून.

रविवारी आजीचा मामा गाडी घेऊन आला. आजीला तेवढं नीट आठवत होतं. बैलांना पाणी पाजून तो आत आला आणि म्हणाला, "ताई कुठंय?"

साथ ओसरल्यावर साहेबांनी पणजोबांना चांदीचं घड्याळ दिलं. चार माणसांत, टाळ्यांसकट. त्यांनी ते घेतलं.

लग्न झाल्यावर आजीने एकदा त्यांना विचारलं, "बाबा, तुम्हाला माहीत होतं ना?"

ते म्हणाले, "तिला पाठवली असती तर आळीला कळलं असतं. आळी पळाली असती. ताप गावोगाव गेला असता."

आजी मला म्हणाली, "खोटं नव्हतं ते. पण आळी राहिली जागेवर, आणि ताप गावोगाव गेलाच."

मी विचारलं, तू माफ केलंस त्यांना?

"त्यांनी मागितली नाही कधी," आजी म्हणाली, आणि गवार मोडायला लागली.

मी त्यांना राक्षस म्हणत नाही. ती तार थांबली असती तर कुठेतरी चुना पोचला नसता, कुठेतरी डॉक्टर पोचला नसता. हे मलाही कळतं.

पण प्राउड वगैरे मला नका सांगू. त्या ड्युटीची किंमत जिने मोजली, तिला कोणी विचारलं नव्हतं.

आज अविधवा नवमी. नवऱ्याआधी गेलेल्या बायकांचा दिवस. पणजोबा होते तोवर घरात तिची नवमी व्हायची. ते गेले आणि बंद झाली. नवरा गेला की बाई अविधवा राहत नाही म्हणे.

म्हणजे मेल्यानंतरही तिचा हिशोब त्यांच्यावरूनच.

पणजी, आज तुझ्यासाठी पान वाढलंय. तुझ्या एकटीसाठी.

सावकाश जेव.

तुझ्या पणतीचा तुला नमस्कार.