पाय न टेकता नऊ मैल

अमेरिकेत आलेल्या माणसाला अमेरिका तपासून घेते, असं आम्ही सगळे ऐकून होतो. सुनीताताईच्या सासऱ्यांनी मात्र विमानातून उतरल्या दिवसापासून अमेरिकेलाच तपासायला घेतलं. डलास विमानतळावरच्या सरकत्या जिन्याला त्यांनी दहापैकी आठ दिले, इमिग्रेशनच्या रांगेला सहा, आणि सुनीताताईनं मायक्रोवेव्हमध्ये केलेल्या चहाला सरळ भोपळा. कराडच्या शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवून रिटायर झालेला माणूस, त्यांचे हात नुसते शिवशिवायचे. त्यांना सगळे अप्पा म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचे. सुनीताताई माझी मामेबहीण. सत्त्याऐंशी साल होतं, मी तिथल्या युनिव्हर्सिटीत एमएस करत होते आणि शनिवार-रविवार तिच्याकडे हक्कानं जेवायला पडलेली असायचे.

अप्पा आपल्या मर्जीनं आले नव्हते, त्यांना उचलून आणलं होतं. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, वारल्यानंतर ते कराडला एकटेच राहत. एकदा एसटी स्टँडवर चक्कर येऊन पडले, ती बातमी चौघांच्या तोंडून मीठमसाला लागून टेक्सासला पोचली, आणि भाऊजी, म्हणजे सुनीताताईचे यजमान, पुढच्या विमानानं जाऊन वडिलांना घेऊन आले. ग्रीन कार्डाचे कागदसुद्धा भरून तयार होते, अप्पांची सही तेवढी बाकी. आणि अप्पा सही करत नव्हते! "अरे, कराडात सकाळी फिरायला निघालो की कृष्णेच्या घाटापर्यंत चौदा माणसं विचारतात, काय सर, बरं आहे का. मी मोजलीयत. इथं तुमच्या गल्लीत कुत्रंसुद्धा मालकाला विचारल्याशिवाय भुंकत नाही." भाऊजी म्हणायचे, "अप्पा, परत चक्कर आली तर? मी इथून काय करणार?" मग अप्पा चष्मा पुसायला घ्यायचे.

अशात भाऊजींनी स्वतःसाठी एक माउंटन बाइक आणली. जाड टायरच्या त्या सायकली तेव्हा नव्यानंच निघाल्या होत्या. भाऊजींनी ती दोनदा चालवली आणि पाठ धरली म्हणून गॅरेजमध्ये लावून टाकली. अप्पांनी ती बाहेर काढली. उभा जन्म सायकलवर शाळेत गेलेला माणूस. फक्त गिअर हा प्रकार त्यांना संशयास्पद वाटायचा. "अठरा कशाला? माणसाला दोन पाय आहेत." पण आठवड्याभरात त्यांनी अठराच्या अठरा गिअर पाढ्यांसारखे पाठ केले. आणि त्यांच्याबरोबर जायला घरात रिकामटेकडं कोण? मी! मला व्यायामाचा मनापासून तिटकारा. पण सुनीताताईच्या हातची पुरणपोळी खायची तर तिच्या सासऱ्यांच्या मागे शेजाऱ्याची जुनी सायकल मागून घेऊन धापा टाकायला लागत होत्या.

शहराच्या दक्षिणेला अर्ध्या तासावर टेकड्या होत्या. फार उंच नाहीत, पण एक संपली की दुसरी, आणि मधूनमधून ओक आणि सीडरचं दाट रान. त्यातून नऊ मैलांची गोल पायवाट फिरून परत पार्किंग लॉटला यायची. जमीन पांढरीफटक. पहिल्याच दिवशी अप्पांनी उतरून एक ढेकूळ उचललं, खडकावर ओढून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की विचारू नका. "अगं, हा खडू आहे! अख्खा डोंगर खडूचा! शाळेत शिपाई मोजून दोन कांड्या द्यायचा गं." त्यानंतर तासभर मला तिथल्या प्राचीन समुद्रावर धडा ऐकावा लागला, आणि शेवटी दोन प्रश्नसुद्धा विचारले गेले. मला एकच आला.

पुढे तर त्यांनी त्या टेकड्यांचा वर्गच भरवला. प्रत्येक चढाला आपल्याकडच्या घाटाचं नाव दिलं आणि शेजारच्या काळवंडलेल्या खडकावर खडूनंच शेरा लिहिला. खंबाटकीला 'बरा'. पसरणीला 'अक्षर चांगले, पण वळण सुधारावे'. शेवटच्या, ओकच्या मुळांनी भरलेल्या उभ्या चढाला कुंभार्ली, आणि शेरा 'खोडकर. पालकांना भेटावे'. एका उंच्यापुऱ्या अमेरिकन पोरानं रस्ता विचारला तर त्याला म्हणाले, "टेक लेफ्ट आफ्टर खंबाटकी." तो बिचारा थँक यू म्हणून गेला, कुठं गेला देव जाणे. अंगात इस्त्रीचा फुलशर्ट, फुलपँटीच्या पायांना कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे, आणि कानटोपीवर हेल्मेट. समोरून येणारा हरेक सायकलवाला रीतीप्रमाणे "हाऊ आर यू?" म्हणायचा. अप्पांना तो प्रश्न खराच वाटायचा. "स्लीप इज गुड, बट लेफ्ट नी..." इथपर्यंत ते येईतो विचारणारा दोन टेकड्या पार. अप्पा मान वळवून बघत राहायचे. "विचारलं तर ऐकून तरी जावं," एवढंच म्हणायचे. मला तेव्हा हसू यायचं. आता त्या हसण्याची लाज वाटते.

पैज लागली ती एका शनिवारी जेवताना. सहीवरून पुन्हा वाजलं होतं. भाऊजी वैतागून म्हणाले, "तोल जातो तुमचा, अप्पा. मान्य करा ना!" अप्पांनी भाताचं ताट बाजूला सारलं. "तुझ्या त्या डोंगरातले नऊ मैल एकदाही पाय न टेकता मारून दाखवले, तर मी कराडला जाणार. नाही जमलं, तर मुकाट्यानं सही." मुदत परतीच्या तिकिटाच्या तारखेपर्यंत, म्हणजे मार्चपर्यंत. पुरावाही अप्पांनीच ठरवला. त्या खडूवर पाय टेकला की काळ्या बुटाचा तळवा पांढरा होणारच. डांबरी पार्किंग लॉटमध्ये तळवे पुसून सायकलवर बसायचं, परत आल्यावर भाऊजींनी तळवे तपासायचे. माझ्यावर मुळी विश्वासच नव्हता. "ही पोरगी परीक्षेला पुस्तक शेजारी घेऊन बसणाऱ्यातली," म्हणाले. खोटं नव्हतं ते.

दर शनिवारी अप्पा निघायचे आणि दर शनिवारी नापास होऊन यायचे. आधी खंबाटकीलाच पाय टेकला. मग ती सुटली, पसरणी अडली. फेब्रुवारीत एक कुंभार्ली सोडून सगळं जमायला लागलं. पार्किंग लॉटमध्ये भाऊजी बुटाचे तळवे बघायचे, मान हलवायचे, आणि अप्पा वहीत आपल्या हातानं 'अनुत्तीर्ण' लिहायचे. खरं सांगू? मला बरं वाटायचं. नागपूर सोडल्यापासून मला गधडे म्हणणारं माणूस भेटलं नव्हतं, ते आठवड्यातून एकदा का होईना भेटत होतं. अप्पा नापास झाले म्हणजे राहणार होते. मी मागून पॅडल मारत मनात म्हणायचे, टेका हो अप्पा, टेका एकदाचा.

शेवटच्या शनिवारी सकाळी थंडी होती. अप्पा त्या दिवशी शिकवत नव्हते. खंबाटकी गेली, पसरणी गेली, रान गेलं. कुंभार्ली आली. अप्पा उभे राहून पॅडल मारत वर चढले, मुळांवरून पुढचं चाक नेलं, आणि मागचं घसरलं. डावा पाय खाली आला. क्षणभरच. पुन्हा उचलला, जोर लावला, आणि चढून गेले. मला हवं होतं तेच झालं होतं, आणि मी पॅडल मारायचंच विसरले. वरती पोचल्यावर त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. कानटोपीखालची ती मान एवढी वाकलेली मी कधी पाहिली नव्हती.

उरलेला मैल माझं डोकं नुसतं भिरभिरत होतं. पार्किंग लॉटच्या कडेला दवानं भिजलेलं गवत होतं. "अप्पा, तिकडून या ना, त्या गवतातून! जरा पाय घासत!" मी ओरडले. अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की चौतीस वर्षांत किती पोरांनी चिठ्ठ्या गिळल्या असतील ते मला समजलं. ते सरळ डांबरावरून भाऊजींच्या गाडीशी गेले, एका हातानं गाडीचा टप धरला आणि डावा पाय आपण होऊन पुढं केला.

भाऊजी वाकले. तळव्यावर पांढरा डाग होता, चांगला तळहाताएवढा. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. मग खिशातून रुमाल काढला, तळवा घासून स्वच्छ पुसला, आणि पाय हळूच खाली ठेवला.

"पास," भाऊजी म्हणाले.

"नीट बघ," अप्पांनी दटावलं. "पेपर न वाचता मार्क देऊ नयेत."

"वाचला, अप्पा. दोनदा वाचला." भाऊजी अजून खालीच बसलेले होते. "टेकला खरा. पण मग परत चढून आलातच की इथपर्यंत. तुम्ही पडलात तर मी तिथं नसणार. पण तुम्ही उठाल, एवढं बघितलं मी."

अप्पांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मी दोन्ही सायकली गाडीला बांधायच्या निमित्तानं मागं गेले आणि भोकाड पसरलं. उशिरापर्यंत गाठच बसेना.

पुढच्या गुरुवारी अप्पा विमानात बसले. कराडला एकटे राहिले, चांगली अकरा वर्षं राहिले. मध्ये दोनदा चक्कर येऊन पडले, असं नंतर कळलं. पत्रात त्यांनी त्यातलं अक्षर लिहिलं नव्हतं. जाताना सायकल मला देऊन गेले. "गधडे, गंज चढू देऊ नकोस," म्हणाले. अप्पा उंच, मी ही एवढीशी. त्यांच्या मापाच्या सीटवर बसलं की माझे पाय जमिनीला पोचत नाहीत, दर वेळी फुटपाथ शोधून उतरावं लागतं. माझा नवरा म्हणतो, एक नट सैल केला की सीट खाली येते, पाच मिनिटांचं काम आहे. माहीत आहे मला. पान्हा कुठं आहे तेही माहीत आहे. पण माझा हात काही होत नाही.