रंगरावांची मूठ

आमचे हे, म्हणजे रंगराव, बत्तीस वर्षं चाकणच्या फाउंड्रीत वाळूपाशी उभे राहिले. लोखंड ओतायचा साचा वाळूचा असतो, हे मला लग्नानंतर चार वर्षांनी कळलं. घरात सांगायची पद्धतच नाही ना! वाळूत पाणी किती, माती किती, हे ते मुठीत दाबून सांगायचे. मूठ उघडायची, ढेकूळ मोडायचं, कडा बघायच्या. लॅबचा कागद मागनं यायचा आणि यांचंच बरोबर निघायचं.

दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. चालणं-बोलणं सुधारलं, उजवी बोटंही हलतात, पण त्यांना गार-गरम काही लागत नाही. कढत चहाचा पेला धरला तरी पत्ता नाही. तेव्हापासून हा माणूस काळेवाडीच्या खोलीत खिडकीकडं तोंड करून बसलाय. गेल्या आठवड्यात कंपनीचा फोन आला, सोमवारपासून नव्या लोकांना वाळू शिकवायला याल का? यांनी फोन माझ्या हातात कोंबला. "सांग त्यांना, मेलेल्या हातानं काय शिकवू?" माझी जीभ रेटेना. रविवारपर्यंत कळवते म्हटलं आणि ठेवला.

आमची रुपाली मोशीच्या एका शेडमध्ये कामाला आहे. तिथं जुन्या बसमध्ये पलंग, ओटा, संडास बसवून चालतीफिरती घरं करतात. गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी गाडी लांब फिरवून बघायची असते. रविवारी सकाळी तिनं बापाला उचलूनच बसवलं म्हणा ना, मी जेवणाची भांडी घेऊन मागं बसले, आणि गाडी थेट धरणाच्या फुगवट्यावर नेली. उन्हाळ्यानं पाणी मागं सरकलं होतं आणि काठाला वाळूच्या टेकड्याच टेकड्या!

"ही वाळू इथं आणून कुणी टाकली?" यांनी विचारलं.

"कुणी नाही, आप्पा. वाऱ्यानं रचली," रुपाली म्हणाली.

"काहीतरीच! वारा काय डंपर आहे?"

पण उतरले. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणी न सांगता उतरले. मी मागनं ओरडतेय, अहो पडाल, हळू! हे आपले चाललेत वर. कडेला बसून पायथ्याची वाळू बघितली, मग माथ्याची. इकडं चढ सोपा, पलीकडं एकदम उतार, तो का? पायथ्याला दाणा जाड, माथ्याला बारीक, तो का? एका ठिकाणी चक्क पालथे झोपून वाऱ्याबरोबर दाणे कसे सरकतात ते बघत राहिले.

"सरू, अगं चाळणीशिवाय निवडलीय की! जड ते मागं ठेवलं, हलकं पुढं नेलं. आम्ही याला मशीन लावतो, वेडे!"

मग फर्मान सुटलं. मोठं पातेलं आण, आमटीची वाटी आण. साचा करून बघायचा होता. ताटावर वाटी पालथी घातली, भोवती पातेलं उभं धरायला लावलं... पातेल्याला बूड असतं हे तेव्हा लक्षात आलं! शेवटी रुपालीनं बिस्किटाच्या डब्याचं बूड कापून दिलं. माथ्यावरची कोरडी वाळू भरली, ती भसकन सांडली. "हिच्यात माती नाही, धरणार कशी?" म्हणत पाण्याच्या कडेला गेले. तिथं गाळ मिसळलेली वाळू होती. उजव्या मुठीत घेतली, दाबली. आणि मुठीकडं बघतच राहिले.

"काहीच सांगत नाही गं," म्हणाले.

"मग डाव्यानं बघा."

"डावा अडाणी आहे. चला घरी."

मला असा राग आला म्हणून सांगू! यांच्यावर, त्या झटक्यावर, सगळ्यावरच. मी खाली बसले आणि स्वतःच मूठ भरली. "मला लागतंय ना? मग मला विचारा की!"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "काय लागतंय?"

"गार."

"गार सोड. तळव्याला चिकटते का?"

"नाही."

"बोटांच्या खुणा राहिल्या?"

"राहिल्या. पण कडा झडतायत."

"पाणी कमी आहे. शिंपड."

शिंपडलं आणि भाकरीचं पीठ मळते तसं मळलं. त्यांनी परत विचारलं, परत शिंपडायला लावलं. चौथ्यांदा मी ढेकूळ मोडलं, तर दोन स्वच्छ तुकडे. मी सांगायच्या आधीच, माझ्या तोंडाकडं बघून म्हणाले, "बस्स! हीच."

डबा ठोकून भरला, ताटासकट उलटा केला, ताट काढलं. त्यांनी वाटीला दोन टिचक्या मारल्या आणि मी वाटी अलगद वर काढली. आत वाटीचा आकार जसाच्या तसा, कड धारदार. माहेरच्यांनी वाटीवर माझं नाव कोरून दिलं होतं, तेसुद्धा पुसट, उलटं का होईना, वाळूत उमटलं होतं.

रंगराव वाकून ते नाव वाचत बसले. मग म्हणाले, "बत्तीस वर्षं माझी मूठच बोलायची. दुसऱ्याला काय लागतंय, हे मी कधी विचारलंच नाही."

त्यांनी हाताची वाळू झटकली.

"कंपनीला कळव, येतो म्हणून. आणि उद्या डबा दोघांचा भर. पोरांना कसं विचारायचं ते दाखवायला पहिले काही दिवस मला तुझा हात लागेल."

बत्तीस वर्षांत मी त्या कंपनीचं गेटसुद्धा बघितलं नव्हतं. वाळूच्या हातानंच डोळे पुसले आणि विचारलं, "किती वाजता निघायचं?"