बंद केलेला बजर

दुष्काळाच्या त्या वर्षांत आमच्या शहरात दोनच धंदे तेजीत होते, प्लॉट पाडणं आणि बोअर मारणं. मी ज्यांच्याकडे नोकरीला होतो ते चाचा बोअरची जागा दाखवायचे. हातात नारळ धरून फिरणं वगैरे नाही. सरकारी नोकरीत उभी हयात विहिरी मोजण्यात गेली होती आणि त्या मोजणीच्या वह्या त्यांच्याकडे होत्या. कुठल्या शिवारात किती फुटांवर पाणी लागलं, कुठं नुसता धुरळा उडाला, सगळं त्यात.

त्या वह्या कॉम्प्युटरवर चढवायला एक मुलगी होती, सोयगावकडची. आईवडील अजून मेंढरांमागे फिरणारे. टायपिंगसाठी आली आणि दोन वर्षांत लिनक्स माझ्याइतकं शिकली. माझ्याइतकं म्हणायची माझी जुनी खोड आहे. माझ्यापेक्षा जास्त शिकली.

नवा सर्व्हर घेतला तेव्हा त्यावर ओपन सोर्स प्रणाली टाकायचं ठरलं. एकाच मशिनच्या पोटात नकाशांचं एक आणि नोंदींचं एक, अशी दोन आभासी मशिनं ही प्रणाली चालवते. डिस्क दोन, दोन्हींवर तोच मजकूर, म्हणजे एक गेली तरी दुसरी असते. ही जोडी कुणी सांभाळायची, सिस्टिमनं की मशिनमध्ये बसवायच्या वेगळ्या कार्डानं, यावरून आमचं वाजलं.

"सर, ह्या कार्डात काय चाललंय ते आपल्या सिस्टिमला कळतच नाय," ती म्हणाली. "एक डिस्क गेली तर सांगणार कोण? सिस्टिमकडंच ठिवा, ती मेल तरी पाठवंल."

मी म्हणालो, मोठ्या कंपन्या कार्डच वापरतात. कोणत्या कंपन्या, हे मला ठाऊक नव्हतं. शिवाय कार्डाला बजर असतो, काही झालं तर तो ओरडेल, असंही ऐटीत सांगितलं. चाचांनी माझं ऐकलं, कारण पगार मला जास्त होता.

पुढं रस्ता रुंद झाला आणि मुकुंदवाडीतल्या आमच्या ऑफिसची पुढची खोली गेली. सामान हलवताना चाचांनी वह्यांचं काय करायचं विचारलं. मी म्हणालो, सगळं दोन दोन डिस्कवर आहे, आता हे ओझं कशाला. वह्या रद्दीत गेल्या. दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, हे या धंद्यातलं पोरसोरही सांगेल. मी एका वेगळ्या डिस्कवर साधी कॉपीसुद्धा काढलेली नव्हती.

बजर ओरडला तो उन्हाळ्यात. ती आठवडाभर गावी गेली होती. हर्सूलकडच्या नव्या लेआउटची माणसं समोर बसलेली आणि मी त्यांना आमची यंत्रणा किती पक्की आहे ते ऐकवत होतो. कोपऱ्यातून एकसारखी टीं टीं सुरू झाली. मी मशिन बंद करून पुन्हा सुरू केलं, कार्डाच्या स्क्रीनवर शिरलो आणि बजर बंद करून टाकला. एक डिस्क गेल्याचं तिथंच लिहिलेलं होतं. ते मी वाचलं.

नंतर विसरलो असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. नवी डिस्क मागवायची तर तिला कळलं असतं की सिस्टिमनं चकार शब्द काढला नाही आणि ती म्हणत होती तेच खरं होतं. एवढ्यासाठी मी महिनाभर कानाडोळा केला.

मग एके दिवशी मशिन फार मंद चाललं म्हणून तिनं सकाळी रीस्टार्ट केलं आणि ते वर आलंच नाही. दुसरी डिस्कही गेली होती. डेटा काढून देणाऱ्यांनीही हात टेकले. चाचांनी विचारलं, मशिनला कुणी हात लावला होता का. मी म्हणालो, "सकाळी मॅडमनी रीस्टार्ट केलं होतं."

यातला शब्द न् शब्द खरा होता. चाचा कधी आवाज चढवत नसत, त्या दिवशी ते तिला सगळ्यांसमोर बोलले. ती खाली मान घालून उभी होती आणि मी केबल गुंडाळत होतो.

दुसऱ्या दिवशी तिनं मला कार्डाच्या स्क्रीनवरची नोंद दाखवली. बजर बंद केल्याची तारीख तिच्या रजेतली होती.

"मी सांगितलं तर चुगली व्हईल," ती म्हणाली. "तुमीच सांगा चाचांना."

मी मान डोलावली. तिनं पंधरा दिवस वाट पाहिली आणि नोकरी सोडली.

चाचा वह्यांतलं आठवून आठवून पुन्हा सांगू लागले आणि मी टाइप करू लागलो. हर्सूलपलीकडच्या एका वस्तीला टँकर तीन-तीन दिवस येत नव्हता, तिथल्या बायका जागा विचारायला आल्या. तिथं एक बोअर पूर्वी कोरडा गेलेला, एवढं चाचांना आठवत होतं. ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे, ते आठवेना. अंदाजानं अलीकडची जागा दाखवली. वस्तीनं वर्गणी काढून बोअर घेतला आणि खालून धुरळाच आला. बायका रिकामे हंडे उचलून निघून गेल्या. चाचांना कुणी काही बोललं नाही.

परतताना गाडीत चाचा म्हणाले, "मी इथं इतकी वर्षं काढून चुकलो. त्या लेकराची तर एकच चूक होती आणि मी तिला किती बोललो. तिचा नंबर है क्या तेरे पास? माफी मागायची आहे."

नंबर माझ्या फोनमध्ये होता. मी नाही म्हणालो.

"कभी मिली तो बोल देना," चाचा म्हणाले.

मी हो म्हणालो. चाचांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती मला दोनदा भेटली, दोन्ही वेळा तिनं चाचांबद्दल विचारलं आणि दोन्ही वेळा मी पावसापाण्याचं बोललो.