नखाची खूण

कनीजखालांनी चहाचं आधण ठेवलं आणि दार वाजलं. सराफाच्या दुकानातला विलास आला होता. तीस वर्षांपासून खाला अकोल्यातल्या त्या दुकानासाठी दागिन्यांचे मेणाचे नमुने कोरतात. नमुन्यावर प्लास्टर चढतं, भट्टीत मेण वितळून वाहून जातं आणि उरलेल्या पोकळीत चांदी ओततात. खालांच्या हातचं मेण काही उरत नाही. म्हणून प्रत्येक नमुन्याच्या पाठीवर त्या अंगठ्याचं नख टेकवतात. ती बारीक कोर चांदीत जशीच्या तशी उतरते.

"खाला, मागची ती खोच नका ठेवू म्हन्ते शेठ," विलास म्हणाला. "गिऱ्हाइकाले माल डागी वाटते. पॉलिशवाला घासून घासून थकून राहिला."

"म्हंजे इतके दिस घासूनच टाकत होते तुमी?"

विलास चपलांकडे बघू लागला.

"आन् दागिन्याच्या डबीवर नाव कोनाचं असते?"

"शेठच्या सुनेचं. डिझाइनचा कोर्स केला ना त्यायनं."

"मंग मेनाचा एक मोर कोरून दाखव म्हना तिले! कोरता कोरता डोये गेले माहे, अन् तुमाले नखाएवढी जागा जड झाली?"

मागे चहा उतू गेला, तरी खाला दारातून हलल्या नाहीत. मग कापसात ठेवलेल्या नव्या मोराच्या पाठीवर त्यांनी नख टेकवलं आणि तो विलासच्या हाती दिला. या वेळी नख जरा खोलच उमटलं होतं.

"डबीवर नाव तिचंच राहू दे. फक्त माह्या नखाची खूण घासू नका, एवढं सांग शेठले."