शिडावरची लाल शिवण

आमचे चाचा कधी कुणाच्या तोंडाकडे बघून बोलायचे नाहीत. समोर गिऱ्हाईक असो नाहीतर जावई, त्यांची नजर आपली त्याच्या डोक्यावरून पलीकडे, लिंबाच्या शेंड्याकडे नाहीतर एखाद्या फडफडणाऱ्या बॅनरकडे. गच्चीसाठी ताडपत्री शिवून घ्यायला मी पहिल्यांदा त्यांच्या दुकानी गेले, तेव्हा मनात म्हटलं, काय शिष्ट माणूस आहे मेला! नंतर कळलं, चाचा वारा बघत असायचे. जळगावात ताडपत्र्या शिवणाऱ्या या माणसाची मेहरूणच्या तलावात एक जुनी शिडाची होडी होती.

कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबानं टाकून दिलेली ती प्लायवुडची होडी चाचांनी तासून, रंगवून उभी केली होती. शीड तर चार महिने बसून हातानं शिवलं होतं. होडीला ते ‘बेगम’ म्हणत. त्यावर चाची म्हणायच्या, “घरच्या बेगमला कधी एक परकर शिवला नाही यांनी.” चाचा शांतपणे सुईत दोरा ओवायचे.

मला होडीचं वेड त्यांनीच लावलं. दर रविवारी दुपारी ते पुढच्या फळीवर डोलकाठीशी, मी मागे सुकाणूशी. शिडाची दोरी मात्र कायम त्यांच्या हातात. दोरी मुठीत नुसती धरायची, कशालाही बांधायची नाही आणि हाताला तर मुळीच गुंडाळायची नाही, हा त्यांचा कायदा. “शंभर वेळा सांगेन, ताई. राग आला तरी सांगेन.” मला यायचाच राग. मी एरंडोलकडची, घरात थोरली, बाराव्या वर्षापासून बैलगाडी हाकलेली. दोरी कशी धरायची ते मला शिकवतात!

त्या वैशाखातल्या रविवारी मी हट्टच धरला. चाचांनी बराच वेळ तलावापलीकडच्या झाडांकडे पाहिलं आणि दोरी माझ्या हातात दिली. उकाड्यानं जीव नकोसा झाला होता, म्हणून मी कमरेची हवेची ट्यूबही काढून ठेवलेली. मला पोहता येत नाही. शहाणपणाची नुसती हद्द!

तलावाच्या मध्यावर होतो. पलीकडच्या काठावर धूळ उठली आणि ती पाण्यावरून आमच्याकडेच यायला लागली. चाचा ओरडले, “दोरी ढिली सोडा!” तेवढ्यात वाऱ्यानं शीड असं ओढलं की माझा हात खांद्यातून निखळतो की काय! आणि माझ्या हातानं तेच केलं, जे बैल उधळल्यावर बापानं शिकवलं होतं. हात तुटला तरी चालेल, कासरा सोडायचा नाही. मी दोरीचे दोन वेढे मनगटाला मारले आणि मागे रेलून ओढत राहिले.

होडी आडवी व्हायला लागली. पाणी काठावरून आत येऊन माझ्या मांडीवर आलं. चाचा आपल्या अहिराणीवर आले, “सोडी दे ताई! हाऊ बैल नई शे! दोरी सोडी का हवा थांबस!” हा बैल नाही, दोरी सोडली की वाऱ्याचा जोर थांबतो, कळत होतं हो मला! पण वेढे मनगटात रुतले होते, बोटं काळीनिळी, आणि मी नुसती “चाचा, चाचा” करत होते. ते माझ्याकडे सरकले असते तर होडी तिथंच उलटली असती.

ताडपत्री कापायची आखूड सुरी चाचांच्या गळ्यात काळ्या दोऱ्याला कायम असायची. त्यांनी ती उपसली, डोलकाठीला एका हातानं मिठी मारली आणि स्वतः शिवलेलं ते शीड हात पोचेल तिथून खालपर्यंत टर्रकन फाडलं. वारा त्या भगदाडातून निघून गेला. होडी डुचमळत सरळ झाली. त्या दिवशी चाचांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. म्हणाले, “हात दाखवा.”

त्यानंतर मी त्या तलावाकडे फिरकलेही नाही. दीड महिन्यानं चाचाच शीड घेऊन घरी आले. पांढऱ्या शिडावर त्यांनी भडक लाल दोऱ्यानं शिवण घातली होती. मी म्हटलं, “पांढरा दोरा नव्हता का?” म्हणाले, “होता. पण पांढरी शिवण तुम्हाला दिसली नसती.” आणि तलावावर नेऊन दोरी पुन्हा माझ्याच हातात दिली. ते नेहमीसारखे झाडांकडे बघत बसले.

पुढे त्यांचे डोळे गेले. मुलीनं दोघांना धुळ्याला नेलं. निघताना बेगम माझ्या हवाली केली आणि गळ्यातली सुरीही काढून दिली. फोन आला की पहिला प्रश्न, “आज हवा कशी शे?” या हिवाळ्यात चाचा गेले आणि तो फोन बंद झाला. मी धुळ्याला जाऊन चाचींजवळ बसून आले.

इतके दिवस काठाला बांधून ठेवलेली होडी गेल्या रविवारी त्यांच्याशिवाय पहिल्यांदा काढली. ट्यूब कमरेला, सुरी गळ्यात. मध्यावर अचानक वारा भरला, होडी कलली, आणि माझ्या नकळत हातानं दोरीचा एक वेढा घेतला. वर पाहिलं, तर ती लाल शिवण ताणून डोळ्यांसमोर उभी. मी वेढा काढला आणि मूठ उघडली.

शीड फडफडलं, होडी सरळ झाली. पुढची फळी रिकामी होती. तिच्याकडे बघून मी रडत रडत ओरडले, “सोडली, चाचा! सोडली बघा!”